लक्ष न लागण्याची गोष्ट शेजघरात येते तेव्हा

गेल्या महिन्यात गोव्यातल्या फोंड्यात एका वाचनालयाच्या माडीवर विवाहसंस्थेविषयी परिसंवाद झाला आणि त्यातला शेवटचा अर्धा तास एडीएचडीने, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरता येत नाही अशा विकाराने, खाल्ला. एका तरुणाने उठून सांगितले की या विकाराचे निदान त्याला तिसाव्या वर्षी झाले, तोवर दोन नाती मोडली होती, आणि विवाहाविषयी दोन तास बोलणाऱ्या वक्त्यांपैकी कुणीही शरीरसंबंधांचे नावसुद्धा काढले नाही. सभागृह लगेच फुटले. एका बाजूचे म्हणणे असे की हे सगळे मोबाइलवरच्या रील पाहून आलेले फॅड आहे. पूर्वी अशा माणसाला उनाड म्हणत आणि चार कामे अंगावर टाकून सरळ करीत. दुसरी बाजू तितक्याच आवेशाने म्हणत होती की विकार आहे म्हटल्यावर जोडीदाराने समजून घेतलेच पाहिजे. मागच्या रांगेतून तिसरा सूर आला: मग लग्नाआधी सर्वांची मानसिक तपासणीच सक्तीची करा. तिघांनाही टाळ्या पडल्या.

माझी भूमिका आधीच सांगते. एडीएचडीचा परिणाम प्रौढांच्या लैंगिक आरोग्यावर आणि जोडप्याच्या जवळिकीवर होतो, तो बऱ्यापैकी अभ्यासला गेला आहे, आणि तो मान्य केल्याने कुणाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. उलट, नेमके कुठे आणि कशामुळे बिनसते हे कळल्याशिवाय कुणाकडून काय मागायचे, हेच ठरवता येत नाही. वागण्याचे कारण शोधणे आणि वागण्याचा जाब विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्या संध्याकाळी तिन्ही बाजूंनी ती एकात कालवली. मी डॉक्टर नाही. वैवाहिक दाव्यांचे मसुदे लिहिण्यात माझी वीसेक वर्षे गेली आणि त्या कागदांत ‘लक्ष’ हा शब्द किती वेळा येतो, हे मी पाहिले आहे. ‘तो माझ्याकडे लक्ष देत नाही’, ‘तिचे घरात लक्ष नाही’, ‘त्याचे लक्ष सदा भलतीकडे’. आम्ही वकील या वाक्यांचे तत्काळ ‘छळ’ किंवा ‘परित्याग’ असे रूपांतर करून मोकळे होतो, कारण न्यायालयाला ते शब्द ओळखीचे असतात.

फॅड म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करू. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये वैद्यकीय व्याख्यानांतून केले, तेव्हा रील नव्हत्या. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात लक्षाच्या त्रुटीला १९८० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष वेगळा झाला: मुलांमध्ये सहा लक्षणे लागतात, तिथे सतरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीत पाच पुरेशी, मात्र त्यातली काही बाराव्या वर्षाआधीपासून असली पाहिजेत. जगभरच्या अभ्यासांवरून प्रौढांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरले जाते. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात आपल्याला कोपर मारून पुढे गेलेल्या चाळीस प्रौढांत एक, असा त्याचा ढोबळ अर्थ. गोव्यात अकरा लाख प्रौढ धरले तर ही संख्या पंचवीस हजारांच्या पलीकडे जाते. यातल्या बहुतेकांचे निदान झालेले नसणार, पण लग्ने मात्र झालेली असणार.

तरीही फॅड म्हणणाऱ्यांच्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. चावी विसरणे, बिल भरायचे राहणे, बोलणे मध्येच तोडणे हे प्रत्येकाच्या हातून होते, आणि एका मिनिटाच्या चित्रफितीत स्वतःला ओळखणे फार सोपे असते. म्हणूनच निदानाची अट अशी की लक्षणे घर, कचेरी, मित्रमंडळी अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यांनी आयुष्याचे खरे नुकसान केलेले असले पाहिजे. जो माणूस कामावर चोख, मित्रांत चोख, गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीखही न चुकवणारा, आणि फक्त बायकोने सांगितलेले तेवढे विसरणारा, त्याला हे निदान लागू पडत नाही. त्याच्यासाठी मराठीत जुने आणि पुरेसे शब्द आहेत.

मात्र इथे एक गुंता आहे, आणि घराघरांतले भांडण नेमके त्यावरच होते. या विकारात लक्षाचा साठा कमी नसतो. लक्ष हवे तिथे वळवण्याची आणि नको तिथून काढण्याची मुठीतली दोरी सैल असते. चवथीच्या आधी चार दिवस रानोमाळ हिंडून गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी शंभर जातींची फळे-फुले गोळा करणारा, रात्र रात्र जागून ती बांधणारा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याची बायको विचारते, एवढे लक्ष याला येते कुठून, आणि मी बोलते तेव्हा ते जाते कुठे? तिचा निष्कर्ष उघड आहे: मला महत्त्व नाही. नव्याची, आवडीची, तत्काळ फळ देणारी गोष्ट या मेंदूला धरून ठेवते आणि रोजची, संथ, उशिरा फळ देणारी गोष्ट निसटते, हे तिला कुणी सांगितलेले नसते. लग्न ठरल्यानंतरच्या महिन्यांत हाच माणूस दिवसाला पन्नास संदेश पाठवत होता, तिच्या प्रत्येक शब्दावर जीव टाकत होता. ती ओढ खोटी नव्हती. पण वर्षभरात नवेपणा ओसरला आणि ओढ दिसेनाशी झाली, तेव्हा आपण फसवले गेलो, असे तिला वाटले. अशा शंभर तक्रारींतली एखादी एडीएचडीची असेल, बाकीच्या नसतील. ती एक ओळखायची कशी, हा माझा मुद्दा आहे.

शेजघरात ही सैल दोरी आणखी अडचणीची ठरते, कारण जवळीक हीच मुळात लक्ष देण्याची क्रिया आहे. पंख्याची करकर, खिडकीतून येणारा शेजारच्या टीव्हीचा आवाज, ओल्या टॉवेलचा वास, गॅस बंद केला की नाही ही शंका, यांपैकी काहीही मनाला उचलून दुसरीकडे नेते आणि शरीर तिथेच राहते. काहींना विशिष्ट स्पर्श खुपतो, तोच स्पर्श दुसऱ्या दिवशी हवासा वाटतो. जोडीदाराला एवढेच दिसते की समोरचा माणूस अर्ध्यातून निघून गेला. एडीएचडी असलेल्या प्रौढांच्या लैंगिक जीवनावरचे अभ्यास एकत्र वाचले तर चित्र विचित्र, पण पुन्हा पुन्हा तेच दिसते: सरासरीने इच्छा अधिक, समाधान कमी, अडचणी जास्त. त्यात झोपेची भर घाला. या विकारात झोपेचे घड्याळ पुढे सरकलेले असणे सर्रास आढळते. एक दहा वाजता दिवा मालवतो आणि दुसऱ्याला मध्यरात्री तरतरी येते. वर्षानुवर्षे एका वेळी अंथरुणाला पाठ न टेकलेल्या जोडप्यात प्रेम आटले की वेळापत्रक, हे कोण तपासते? कुलदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, कुणी घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋषाकडेही जाऊन येते. पण तिथेसुद्धा ‘घरात शांती नाही’ याच्या पलीकडे शब्द जात नाहीत.

उतावीळपणाचा हिशेब याहून रोकडा आहे. स्वीडनमध्ये २००७ ते २०१४ या काळात पहिले मूल झालेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एडीएचडी असलेल्यांपैकी १५.३ टक्के स्त्रिया किशोरवयातच माता झालेल्या आढळल्या. इतरांत हे प्रमाण २.८ टक्के होते. ज्या देशात शाळेतून लैंगिक शिक्षण मिळते आणि गर्भनिरोधके सहज उपलब्ध आहेत, तिथली ही गोष्ट. माहिती असणे आणि त्या क्षणी ती आठवणे यांत जे अंतर आहे, ते हे आकडे दाखवतात. तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या किशोर व तरुणांत लैंगिक संसर्गाचे प्रमाण जास्त निघाले, आणि या विकारावरचे औषध घेणाऱ्या पुरुषांत तो धोका कमी असल्याचेही दिसले. यातून निघणारी शहाणपणाची गोष्ट अगदी घरगुती आहे: जी स्त्री रोजची गोळी आठवड्यातून दोनदा विसरते, तिला विसरभोळेपणावर व्याख्यान देण्यापेक्षा एकदा गर्भाशयात बसवली की रोज आठवावी न लागणारी तांबी सुचवणे बरे. पण त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘गोळ्या विसरता का?’ एवढ्यावर न थांबता ‘आणखी काय काय विसरता, कधीपासून?’ असे विचारायला हवे.

हे सारे अभ्यास बहुतांशी परदेशातले आहेत, त्यातले लैंगिक समाधानाविषयीचे बरेचसे लहान आणि लोकांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर उभे आहेत. एडीएचडीसोबत नैराश्य, चिंता आणि व्यसने वरचेवर येतात; त्यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. सरासरीवरून एका माणसाविषयी काहीच सिद्ध होत नाही, आणि हे निदान असलेली कित्येक माणसे उत्तम संसार करतात. हे मान्य करूनही प्रश्न उरतो: सरासरी चुकीची असेल म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, असे आपण मधुमेहाबाबत करतो का? मधुमेही पुरुषाला लैंगिक अडचणींविषयी विचारण्यात आता कुणाला अवघडल्यासारखे वाटत नाही. अस्वस्थ, चंचल माणसाच्या मात्र आपण आधी स्वभावाला बोल लावतो.

सर्वांत वजनदार आक्षेप स्त्रियांचा आहे, आणि त्या संध्याकाळी तो कुणी नीट मांडलाच नाही. ‘सांभाळून घे’ हे वाक्य आपल्याकडे मुलीच्या ओटीत नारळासोबत घातले जाते. आता त्या वाक्याला वैद्यकीय शिक्का मिळणार का? नवऱ्याच्या तारखा, औषधे, कर्जाचे हप्ते, त्याच्या आईचा डोळ्यांचा नंबर, सारे आधीच तिच्या डोक्यात असते. हळूहळू ती त्याची आई होते आणि तो तिचे मोठे झालेले मूल. ज्याला दिवसभर शिस्त लावली, त्याच्याविषयी रात्री ओढ कशी वाटावी? ज्याला दिवसभर ओरडा मिळाला, त्यालाही रात्री जवळ जाण्याचा धीर होत नाही. जवळीक मरण्याची ही सर्वांत साधी वाट आहे आणि तिच्यासाठी कुणी तिसरी व्यक्ती लागत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. माझे उत्तर असे की निदानाने काम तिच्या डोक्यावरून उतरून त्याच्या डोक्यावर गेले पाहिजे. गजर त्याने लावायचा, यादी त्याने ठेवायची, डॉक्टरांची वेळ त्याने घ्यायची आणि पाळायची. नाव कळल्यानंतरही जो काहीच करत नाही, त्याला आधीच्यापेक्षा कमी सूट. आणि मारहाण, धमकी, नको म्हटल्यावर केलेली बळजबरी यांचा लक्षणांच्या कुठल्याही यादीत समावेश नाही. उतावीळपणा हे संमती न घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. माझ्या कचेरीत कुणी तसे समर्थन घेऊन आला तर मी त्याचे वकीलपत्र घेणार नाही.

याच आक्षेपाची दुसरी बाजू मात्र चर्चेत येतच नाही. एडीएचडी बायकोलाही असू शकतो. मुलींमध्ये हातपाय सतत चालू असण्यापेक्षा मन भरकटणे अधिक, म्हणून शाळेत त्या ‘स्वप्नाळू’ ठरतात आणि निदान वर्षानुवर्षे लांबते. नवऱ्याचा विसरभोळेपणा गमतीचा विषय होतो. बायकोचा पसारा मात्र तिच्या माहेरापर्यंत पोचतो. जी दिवसभर स्वतःला ‘मी बाई म्हणून कमी पडते’ असे ऐकवते, तिच्या इच्छेचे काय होत असेल? तिच्याकरिता सभागृहात कुणी ‘सांभाळून घे’ म्हटल्याचे मला आठवत नाही.

आमचा कायदाही या गोंधळाला हातभार लावतो. ३ नोव्हेंबर १९१० च्या पोर्तुगीज हुकुमाने घटस्फोटाची जी कारणे घालून दिली, ती गोव्यात मुक्तीनंतरही चालत आली. व्यभिचार, गंभीर छळ, परित्याग, असाध्य वेड, जुगाराचे जडलेले व्यसन, आणि असाध्य संसर्गजन्य किंवा लैंगिक विकृती आणणारा आजार, ही त्या यादीतली प्रमुख कारणे. एकशे पंधरा वर्षांपूर्वी ती पुरोगामी होती, यात शंका नाही. पण या कारणांची रचना पाहा: समोरचा माणूस एकतर गुन्हेगार, नाहीतर कायमचा रोगी. ज्याचा आजार असाध्यही नाही, ज्याचे वागणे छळात मोडत नाही आणि तरीही ज्याच्याबरोबर राहणे दमवून टाकते, त्याला या कारणांत रकाना नाही. फोंड्याच्या सभागृहात कुणी ती यादी वाचलेली नसेल, पण विचार मात्र सगळे त्याच दोन रकान्यांत करीत होते.

आता सक्तीच्या तपासणीचे. हा उपाय सुचवणाऱ्यांना गोव्याचाच इतिहास आठवत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. १९८९ मध्ये रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही असल्याचे कळताच पोलिसांनी उचलले आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशातल्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याच्या आईला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यातून समाज सुरक्षित झाला का? लोक चाचणीला घाबरू लागले, एवढेच झाले असणार. तरीही २००६ मध्ये लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव याच राज्यात पुढे आला. चाचणीच्या दिवशी मिळालेला दाखला पुढच्या महिन्याची हमी देत नाही आणि संसर्गानंतर काही आठवडे चाचणीत काही दिसतही नाही, हे साधे उत्तर तेव्हाही उपलब्ध होते. एडीएचडीचे निदान तर रक्ताच्या थेंबावर होत नाही. ते माणसाने स्वतःच्या बालपणाविषयी खरे सांगण्यावर उभे असते. सक्ती आली की पहिला बळी त्या खरेपणाचाच जाणार, आणि ‘मुलगा गोळ्या घेतो’ ही कुजबुज सोयरिकी मोडायला पुरेशी होणार. ठरलेल्या जोडीदाराला निदान सांगावे, असे माझे ठाम मत आहे. पण ते त्या माणसाने सांगावे, सरकारी दाखल्याने नव्हे. विवाह नोंदणीत पहिली सही आणि दुसरी सही यांच्यामध्ये गोव्यात काही दिवसांचे अंतर असते. ख्रिस्ती समाजात चर्च लग्नाआधी वर्ग घेते. त्या अंतरात, ज्याला हवे त्याला, दोघांना वेगवेगळे बसवून दोन तास मोकळेपणाने बोलायला कुणीतरी जाणता माणूस मिळाला तर किती कागद माझ्याकडे येण्याचे वाचतील.

असा जाणता माणूस आणायचा कुठून, असे विचारले जाते. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच, हे खरेच. पण गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगाने, प्रशिक्षण दिलेल्या बिगर-डॉक्टर समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात, हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. एडीएचडीचे निदान त्यांनी करावे, असे मी म्हणत नाही. कुणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवायचे आणि कुणाला नुसते ऐकून घ्यायचे, एवढे ओळखायला त्यांना शिकवता येईल. खरी टंचाई प्रश्न विचारण्याच्या धिटाईची आहे. वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून सरळ उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने वकिली केली आणि तो खटला ते हरले. नव्वद वर्षांनंतर खटला होत नाही, पण संकोच तोच आहे, आणि तो रुग्णाइतकाच डॉक्टरचाही आहे.

त्या संकोचाची किंमत औषधांतही मोजली जाते. मेथिलफेनिडेट हे या विकारावरचे प्रमुख औषध आपल्याकडे औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत फार्मसीवाल्याने दोन वर्षे जपायची असते. एवढी काळजी घेऊन दिलेल्या त्या गोळीचा अंमल किती तास टिकतो? साधीचा तीन-चार, दीर्घकाळ चालणारीचा आठ-बारा. सकाळी घेतलेल्या गोळीवर कचेरी निभावते, आणि माणूस घरी पोचतो तेव्हा अंमल उतरलेला असतो. कधी कधी त्या उतरणीची चिडचिडही सोबत असते. म्हणजे उत्तम लक्ष साहेबाला आणि उरलेसुरले बायकोला. अ‍ॅटोमोक्सेटिन हे दुसरे औषध आणि सोबत बऱ्याचदा दिली जाणारी नैराश्यावरची काही औषधे लैंगिक इच्छा कमी करू शकतात, ताठरतेत किंवा स्खलनात अडचण आणू शकतात. हे आधी सांगितले नाही तर माणूस परस्पर गोळी बंद करतो आणि कारण कुणालाच सांगत नाही. मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, औषध बदलता येते. पण डॉक्टरने विचारल्याशिवाय आपल्याकडचा कोणता पुरुष हे आपण होऊन बोलतो?

ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एक प्रकरण सांगते. डिचोली तालुक्यातली एक शिक्षिका नऊ वर्षांच्या संसारानंतर माझ्याकडे आली. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात. कर्ज त्याने तिला न विचारता काढलेले, दोन नोकऱ्या रागाच्या भरात सोडलेल्या, मुलाला शाळेतून आणायचे तीनदा विसरलेले, आणि चार वर्षे दोघांत शरीरसंबंध जवळपास नाहीच. मसुदा तयार होता. त्याच सुमारास सात वर्षांच्या मुलाचे एडीएचडीचे निदान झाले, आणि या विकाराला आनुवंशिकतेचा मोठा आधार असल्याने डॉक्टरांनी बापालाही तपासले. आपल्यालाही तोच विकार आहे हे चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळले म्हणून बाप इस्पितळाच्या व्हरांड्यात रडला, असे तिने मला सांगितले. औषधे सुरू झाली, बराच फरकही पडला. तरीही तिने सहा महिन्यांनी दावा दाखल करायचा निर्णय कायम ठेवला. कर्ज तिच्याही डोक्यावर होते आणि ती दमली होती. सही करण्याआधी तिने मसुदा पुन्हा शांतपणे वाचला. कर्जाचे कलम ठेवले, नोकऱ्यांचे ठेवले, शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या मुलाचे ठेवले. फक्त एक वाक्य खोडायला सांगितले: ‘प्रतिवादीला अर्जदाराविषयी कधीच ओढ नव्हती.’